वाचकताईंचा सत्कार

कंपनीची बस सव्वासातला शिरूरच्या बायपासवर येते आणि मी सातलाच तिथं जाऊन उभी राहते. ती पंधरा मिनिटं माझी नसतात, गटाची असतात. सोमवार असेल तर आठवड्याचा विषय टाकायचा. मंगळवारी विषय समजला का, असं विचारायचं. बुधवारी आठवण करायची. गुरुवारी 'कुणीकुणी लिहायला घेतलं, हात वर करा' असं लिहून खाली एक हसरा चेहरा लावायचा. शुक्रवारी शेवटची आठवण, शनिवारी लेख गोळा करायचे, रविवारी चर्चहून आलं की आठवड्याचा आढावा. चार वर्षं हे चाललंय. या चार वर्षांत मी स्वतःचं म्हणून एक पान लिहिलेलं नाही, आणि हा गट मी काढला तो मला लिहायचं होतं म्हणून.

काढला म्हणजे गळ्यात पडला. दौंडला एका शाळेच्या हॉलमध्ये एक दिवसाची लेखन कार्यशाळा होती. संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना एकदम भरून आलं. आता संपर्कात राहायचं, लिहीत राहायचं, एक ग्रुप काढायचा. मी कंपनीत स्टोअर बघते, याद्या करायची सवय, त्यामुळं सगळ्यांचे नंबर मी आधीच वहीत उतरवून घेतले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वही माझ्या हातात दिसली आणि ॲडमिन कोण, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिरूरच्या नर्सबाई, दौंडचे एक रेल्वेतले, खुटबावच्या ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाई, पाबळला पोरांना वेल्डिंग शिकवणारे सर, अशी माणसं एकमेकांना कविता पाठवायला लागली. बघता बघता सव्वाशेच्या वर सभासद झाले. मग मला कळलं की लिहिणाऱ्या माणसाला वाचायला अजिबात वेळ नसतो. जो तो आपला लेख टाकायचा आणि पसार व्हायचा. खाली कुणी काही बोललं का, हे बघायला दर दहा मिनिटांनी परत यायचा, पण दुसऱ्याच्या लेखावरून असा पुढं सरकायचा जसं वाटेत कुणी उधारी मागायला उभं आहे. फार तर एक हात जोडलेलं चित्र. किंवा फूल. ज्याच्या लेखाला फूलही पडलं नाही तो दोन आठवडे गप्प राहायचा आणि मग एके दिवशी करड्या अक्षरात ती ओळ यायची, की अमुक यांनी गट सोडला. त्या ओळीची मला धास्ती बसली. एखादा भांडून गेला असता तर चाललं असतं. ही माणसं काही न बोलता जायची आणि मला दिवसभर वाटत राहायचं, मी एक वाक्य लिहिलं असतं तर राहिली असती.

तर मग लिहायचं ना वाक्य, असं कुणीही म्हणेल. लिहून बघितलं. नर्सबाईंच्या एका लेखाखाली मी चार ओळी लिहिल्या, मनापासून. त्याच दिवशी दुपारी पाबळच्या सरांचा फोन. "मॅडम, आमच्या लेखाला तुम्ही नुसतं 'छान' म्हणालात. त्यांना चार ओळी. ॲडमिननं असा भेदभाव करू नये, असं आपलं मला वाटतं." सर माणूस वाईट नाही. पण त्यांचं ऐकल्यावर मी त्यांनाही चार ओळी लिहिल्या, मग तिसऱ्याला लिहाव्या लागल्या, आणि आठवडाभरात मला कळून चुकलं की सव्वाशे जणांना चार चार ओळी लिहायच्या तर नोकरी सोडावी लागेल. तेव्हा मी सगळ्यांना एकच द्यायला लागले. "छान. लिहीत राहा." काट्यानं तोलून. त्या तीन शब्दांचा मला इतका वीट आला होता की कंपनीत कुणी 'छान' म्हणालं तरी माझ्या कपाळावर आठी चढायची.

अशातच आबा गटात आले. भांडगावच्या पलीकडं त्यांची वस्ती. सत्तरी उलटलेली. बाप-आजे मेंढरं राखणारे, आबांनी स्वतःही अर्धा जन्म मेंढरांमागं काढला, मग मेंढरं विकून शेती धरली. आता मुलं ऊस आणि कांदा बघतात आणि आबा मोबाईलवर एका बोटानं लिहितात. त्यांचा पहिला लेख सहा ओळींचा होता. "आमी दिवाळी झाली की कोकणात उतरायचो. घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आन् कोंबड्यांच्या वर आमचं ल्हान पोरगं बांधल्यालं."

मी बसमध्ये उभी होते. वाचून मला बसायलाच हवं असं वाटलं. चार वर्षांत त्या गटावर शेकड्यानं लेख आले असतील, पण असं काही आलं नव्हतं.

आणि त्याच्याखाली काय पडलं? एकतीस जोडलेले हात. नमस्कार आबा. आबांना दंडवत. आबांचे आशीर्वाद असू द्या. एवढ्या माणसांत एकानं विचारलं नाही की पोरगं घोडीवर बांधायचं म्हणजे कसं बांधायचं. त्यात कुणाचा दोष काढू नये, आपल्याकडं पद्धतच तशी आहे. वडीलधाऱ्या माणसाच्या पाया पडायचं, त्याला प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न विचारला तर उलटतपासणी घेतल्यासारखं होतं. आमच्या घरी तेच. माझे वडील शिरूरला मिशनच्या शाळेत मास्तर होते. ती शाळा कायमची बंद झाली त्या दिवशी ते घरी आले, हातपाय धुतले, जेवले. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे आम्ही कुणी विचारलं नाही आणि पुढं ते गेले. जे पान मला लिहायचं होतं ते तेच होतं, आणि ते अडलं होतं याच कारणानं. मला काही माहीतच नव्हतं.

आबांना मी ॲडमिन म्हणून विचारू शकत नव्हते. विचारलं असतं तर पाबळहून फोन आला असता. म्हणून मी जे केलं ते आता सांगते. आमच्या यांचा, म्हणजे नवऱ्याचा, एक जुना नंबर होता आणि कोपऱ्यात काच तडकलेला एक जुना मोबाईल. त्या नंबरावरून मी एका बाईला गटात घेतलं. नावाच्या जागी नुसतं 'एक वाचक' लिहिलं. फोटोत शेवग्याच्या शेंगा. ओळख करून देताना गटाला लिहिलं, की या बाई दौंड तालुक्यातल्या आहेत, वयानं मोठ्या आहेत, लिहीत नाहीत, फक्त वाचतात. त्यांचं सगळ्यांनी स्वागत केलं. हात जोडून.

बाईंचा पहिला प्रश्न त्याच दुपारी गेला. "आबा, पोराला घोडीवर कशानं बांधायचे? ते रडायचं नाही का?"

संध्याकाळी आबांचं उत्तर आलं. "आईच्या जुन्या लुगड्यानं, ताई. रडायचं. पन घोडी चालाय लागली की झोपायचं. घोडी थांबली की पुन्ना रडायचं. म्हनून आमी घोडीला थांबू देत न्हवतो."

ते वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले आणि मग मला रडू आलं. पोळी करपली. यांनी बाहेरून विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, धूर झालाय.

त्यानंतर आबा दर दोन-तीन दिवसांनी लिहायला लागले आणि वाचकताई विचारायला लागल्या. हे 'वाचकताई' नाव गटानंच दिलं. शिकलेल्या माणसानं जे विचारायला लाजावं असं त्या बिनदिक्कत विचारायच्या. दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली तर तो शेतकरी जेवण द्यायचा का? मेंढरांभोवती जाळी लावायचे, त्या वाघरीला भोक पडलं तर कोण शिवायचं? बायका बाळंत कुठं व्हायच्या? आबा सगळ्याची उत्तरं द्यायचे आणि उत्तरातून आणखी काहीतरी निघायचं. डब्याच्या सुट्टीत स्टोअरच्या मागं, खोक्यांच्या आडोशाला बसून मी तो तडकलेला मोबाईल उघडायचे. ती वीस मिनिटं खरी माझी होती. तेव्हा मी कुणाला काही आठवण करून देत नव्हते. मी वाचत होते आणि पुढं काय झालं हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी सुखी मी त्या गटात कधीच नव्हते.

पण करायला गेले एक. आबांना प्रश्न विचारतात म्हटल्यावर बाकीचेही वाचकताईंची वाट बघायला लागले. खुटबावच्या पार्लरवाल्या बाईंनी लिहिलं, की ताई, आमचं वाचून तुम्हाला काही विचारावंसं वाटत नाही का? आता ॲडमिननं भेदभाव करू नये तर वाचकानंही करू नये. वाचकताई सगळ्यांना विचारायला लागल्या. म्हणजे मी सकाळी एका मोबाईलवरून सूचना द्यायचे, दुपारी दुसऱ्यावरून प्रश्न विचारायचे आणि संध्याकाळी पहिल्यावरून त्या प्रश्नांचं कौतुक करायचे. लोक गट सोडायचे थांबले. ती करडी ओळ दिसेनाशी झाली. आढाव्यात मी लिहिलं, की गटात चैतन्य आलं आहे, आणि लिहिताना मला स्वतःची लाज वाटली.

एकदा मला दोन दिवस ताप आला. सूचना गेली नाही, कुणाला पत्ता नाही. वाचकताई दोन दिवस गप्प, तर तिसऱ्या दिवशी अकरा जणांनी माझ्याकडं चौकशी केली, की ताई बऱ्या आहेत ना? माझी चौकशी एकानं केली, तीही ताईंचा नंबर लागत नाही म्हणून. अंगात कणकण असताना मी उठले, शिवणयंत्राच्या खणातून तो मोबाईल काढला आणि बाई बऱ्या आहेत असं बाईंच्या तोंडून सांगितलं.

सहा-सात महिने असे गेले आणि आबा एके दिवशी शेवटावर आले. त्यांनी लिहिलं, "मंग आमी मेंढरं इकली. ट्रक आला हुता. धा मिन्टात समदी चढिवली." एवढंच. पुढच्या लेखात एकदम विहीर आणि पाइपलाइन.

वाचकताईंनी विचारलं, "आबा, ट्रक गेल्यावर त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही काय केलं?"

तो प्रश्न कोण विचारतंय याचं मला भान नव्हतं. ताई, मी, माझ्या वडिलांची मुलगी, सगळ्या एकदम विचारत होत्या. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, आबा दुखावले. तिसऱ्या दिवशी आलं.

"ताई, ह्ये मला आजवर कुनी इचारलं न्हाई. पोरांनी बी न्हाई. ह्ये लिवायचं न्हाई, तोंडानं सांगायचं हाय. दौंडला मेळावा हाय म्हंत्यात. तुमी या. तुमच्या म्होरं सांगतो."

मेळावा हा माझाच उपद्व्याप. सभासदांचा उत्साह टिकावा म्हणून वर्षातून एकदा दौंडला सगळ्यांनी भेटायचं, असं मीच ठरवलेलं. आबांचा निरोप पडला तशी गटाला जाग आली. पाबळच्या सरांनी प्रस्ताव मांडला, की या मेळाव्यात वाचकताईंचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करावा. तासाभरात त्याला ऐंशीच्या वर अनुमोदनं आली. ज्या माणसांना मी चार वर्षं एक ओळ लिहा म्हणून विनवत होते, त्यांनी मानपत्राचा मसुदा अर्ध्या दिवसात तयार केला आणि मंजुरीसाठी माझ्याकडं पाठवला. 'आपण आम्हांस वाचलेत, म्हणून आम्ही लिहिते झालो.' मी तो बसमध्ये वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून परत पाठवल्या. दुसरं काय करणार होते?

घरी यांना सांगितलं. यांना मोबाईलचं माहीत होतं, एवढं रामायण झालंय हे माहीत नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर हे म्हणाले, "सोपं आहे. ती बाई मुलीकडं गेली म्हणून सांग. लांब. नाहीतर मारून टाक."

"मारून टाक म्हणजे?"

"गेली म्हणून सांग. चार दिवस श्रद्धांजल्या येतील, मग विसरतील."

माझा इतका संताप झाला की मी ताटावरून उठले. यांना कळेना मी का चिडले, आणि मलाही धड सांगता येईना. त्या घरात माझ्याशिवाय ती बाई कुणाला दिसत नव्हती आणि तिला मारायचं म्हटल्यावर मला माझ्याच अंगावर काही आल्यासारखं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी मी मुलीकडं गेल्याचा निरोप लिहून बघितला. तीनदा लिहिला. पाठवायचं बटण दाबायच्या आधी दर वेळी एकच विचार यायचा, की मग आबा ते कुणाला सांगणार? कुणालाच नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं सांगतो म्हटलं होतं आणि मी ऐकणारी पळवून नेणार होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. सत्काराला उभं राहायचं धाडस नव्हतं, पळून जायची छाती नव्हती, आणि मधल्या काळात रोज सातला बायपासवर उभं राहून 'मेळाव्याला किती दिवस उरले' हे टाकणं चालूच होतं.

शेवटी मी ठरवलं की आबांना तेवढं खरं सांगायचं. बाकीच्यांचं नंतर बघू. रविवारी चर्चला गेले नाही. न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी धरली, पुढं वडापच्या जीपनं भांडगाव, आणि तिथून विचारत विचारत वस्तीवर. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळांचा तो गोड करपट वास. सगळ्या वाटेनं मी काय बोलायचं ते पाठ करत होते.

आबा पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर बसले होते. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाला. मी नाव सांगितलं तसे उठून उभे राहिले. "मॅडम, तुमी? आवो, फोन करायचा न्हाई व्हय." आणि मग माझ्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं बघत म्हणाले, "ताई बी आल्यात का संगट?"

पाठ केलेलं सगळं तिथंच विसरले.

सूनबाईंनी चहा आणला. त्या आत गेल्यावर मी सांगितलं. आडवळणानं नाही, सरळ. आबा, ताई म्हणून कुणी नाही. तो नंबर माझा आहे. प्रश्न मी विचारत होते.

आबांनी पिशवीतून मोबाईल काढला, गट उघडला, वर वर सरकवत राहिले. बराच वेळ. शेवग्याच्या शेंगांपाशी बोट ठेवून म्हणाले, "ही तुमी?"

"हो."

"समदं?"

"सगळं."

"आन् तुमच्या सवताच्या नंबरवरनं 'छान' लिवायच्या, त्या बी तुमीच."

"हो, आबा."

रागवले असते तर मी पाया पडले असते. रागवले नाहीत, पण त्यांचं तोंड बारीक झालं, ते मला बघवलं नाही. "मला पोरावानी खेळवलं म्हना की," एवढंच म्हणाले. मी सांगू लागले की तसं नाही, मला खरंच जाणून घ्यायचं होतं, एकेक उत्तर मी चारचारदा वाचलंय, गटात भेदभाव नको म्हणून असं करावं लागलं. बोलताना मला रडू येत होतं आणि ते आवरायच्या नादात मी आणखी भरभर बोलत होते.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. गटात कुनाला सांगू नगा. तुमाला हसत्याल. शालीचं मी बघतो." मग मोबाईल परत पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली, आणि माझ्याकडं वळून बसले. अगदी समोर. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"ताई न्हाई म्हंता. मंग आता तुमी इचारा."

मला आजही तो क्षण जसाच्या तसा दिसतो. शेडच्या बाहेर कांद्याची आरण, पाचटानं झाकलेली लांब रास. आत आम्ही दोघंच. त्या माणसानं लबाडी पोटात घालून वर मला वाट करून दिली होती. एक वाक्य विचारायचं होतं. ते मला पाठ होतं, कित्येक दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. शब्दसुद्धा ठरलेले होते. मी तोंड उघडलं. समोर आबा, पांढऱ्या भुवया, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आणि वाट बघतोय. जिवाच्या आकांतानं मी काहीतरी बोलायला बघत होते, आणि जे निघालं ते हे.

"आबा, तुम्ही ते लिहूनच पाठवा ना. शनिवारपर्यंत. शब्दमर्यादा आठशेची आहे, पण तुम्हाला थोडी सूट देता येईल."

माझा आवाज मला ऐकू आला. शुक्रवारच्या सूचनेचा आवाज.

आबांनी मान हलवली, तलाठ्यानं कागद मागितल्यावर हलवतात तशी. "बरं," म्हणाले. "आठशे म्हंजी किती पानं व्हत्यात?"

मी सांगितलं, साधारण चार. त्यांनी सूनबाईंना हाक मारून मला गुळाची ढेप द्यायला लावली आणि वडाप मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला माझ्याबरोबर उभे राहिले. पावसापाण्याचं बोललो. गाडी आल्यावर त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, मॅडमना चौफुल्याला शिरूरच्या एसटीत बसवून दे.

संध्याकाळी गटावर आबांची एक ओळ आली. "ताईंचा सत्कार नगं. त्यांना आवडायचं न्हाई." एकानंही का म्हणून विचारलं नाही. आबा म्हणाले म्हटल्यावर विषय संपला. खाली हात जोडले गेले.

शनिवारी सकाळी आबांचा लेख आला. सांगितलेल्या वेळेच्या आधी. मी मोजून बघितले, आठशेला चार शब्द कमी. 'सर्व सभासदांना सविनय नमस्कार' अशी सुरुवात होती. कोकण होतं, घोडी होती, मेंढ्यांच्या जाती होत्या, बदलत्या काळाचं आव्हान होतं. सगळं शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत, कुणाकडून तरी तपासून घेतलेलं. मेंढरं विकल्याचा परिच्छेद शेवटून दुसरा होता. ट्रक आला, मेंढ्या चढवल्या, ट्रक गेला. 'त्यानंतर आम्ही शेतीकडे वळलो.' लेखात एकही चूक नव्हती, आणि विचारावं असं कुठं काही ठेवलेलं नव्हतं.

मी तो तडकलेला मोबाईल काढला. 'आबा, त्या दिवशी संध्याकाळी' इथपर्यंत लिहिलं आणि पुसलं. ताई नाही, हे आता आम्हा दोघांना माहीत होतं. मग माझ्या नंबरावरून लिहायला घेतलं. खूप वेळ बसले. हे दोनदा चहा झाला का विचारून गेले. त्या दिवशी आणखी नऊ लेख आले होते आणि सगळे उत्तराची वाट बघत होते, पाबळचे सर तर मधूनमधून येऊन डोकावत होते.

"छान, आबा. लिहीत राहा," असं मी लिहिलं. मग तेच सरांच्या लेखाखाली टाकलं, आणि तेच उरलेल्या आठांच्या.